टाऊन हॉल पाडायचा की राखायचा: दोन जाहीर सभांचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातल्या एका नगरपरिषदेच्या शहरातलं आहे. शहराचं नाव आणि माणसांची ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. दुसऱ्या सभेच्या नोंदी लिहायचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे तिच्याबद्दल इथे जास्त येईल.

टाऊन हॉल म्हणजे मुख्य पेठेच्या तोंडाशी असलेली ब्रिटिश अमदानीतली इमारत. काळ्या दगडाच्या, चुन्यात बांधलेल्या भिंती, वर सागवानी कैच्या, म्हणजे छपराचा भार पेलणारे त्रिकोणी लाकडी सांगाडे, आणि मंगलोरी कौलं. लगतच्या एका खोलीत वाचनालय. रस्त्याच्या बाजूला पालिकेने नंतरच्या काळात आरसीसीचे, म्हणजे सळया घातलेल्या काँक्रीटचे गाळे काढून भाड्याने दिले आणि त्यांचा स्लॅब थेट हॉलच्या व्हरांड्याला टेकवला. पुढचं सगळं रामायण या स्लॅबवरून घडलं.

आपल्याकडच्या बहुतेक टाऊन हॉलांमध्ये गावाने बसून कारभाराबद्दल काही विचारावं, हे फार काळ चाललेलं नाही. मुंबईचा १८३३ साली पुरा झालेला टाऊन हॉल लोकांना माहीत आहे तो एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयामुळे आणि समोरच्या पायऱ्यांमुळे. कोल्हापूरच्या टाऊन हॉलमध्ये संग्रहालय आहे. छोट्या गावांत तर साड्यांचा सेल, मतमोजणी, वधूवर मेळावा आणि उन्हाळ्यात व्याख्यानमाला, एवढाच या हॉलांचा वापर. आमच्या या गावातही तेच होतं.

प्रश्न विचारायची सोय खेड्यात आहे, शहरात नाही, हे अनेकांच्या लक्षातच येत नाही. ग्रामपंचायत अधिनियम १९५८ चा. त्यात ग्रामसभा आहे, तिच्या वर्षातून किमान चार बैठका आहेत, १५ टक्के किंवा १०० मतदार यांपैकी जो आकडा कमी असेल तेवढी गणपूर्ती आहे. तिथे सरपंचाला उभं करून हिशेब विचारता येतो. नगरपरिषदांचा अधिनियम १९६५ चा. सर्वसाधारण सभा नगरसेवकांची असते. नागरिकाने मागे बसून ऐकायचं. क्षेत्रसभेची, म्हणजे शहरातल्या एकेका भागाच्या मतदारांच्या सभेची तरतूद कायद्यात आली खरी, पण ती भरलेली या गावात कुणी पाहिलेली नाही.

त्यातून हा काळ प्रशासकाचा. २०२१-२२ पासून राज्यातल्या बऱ्याच नगरपरिषदांची मुदत संपली, निवडणुका लांबल्या आणि मुख्याधिकारी किंवा प्रांत हेच प्रशासक झाले. म्हणजे विचारायला दारात नगरसेवकही नाही. इथे मुख्याधिकारीच प्रशासक होते.

अडचण

एका पावसाळ्यात व्हरांड्यातल्या गिलाव्याचा मोठा पोपडा खाली आला. सुदैवाने खाली कुणी नव्हतं. पालिकेने हॉलला कुलूप घातलं, वाचनालयाची पुस्तकं पोत्यांत भरून शाळेच्या एका खोलीत टाकली आणि एका खासगी सल्लागाराकडून संरचनात्मक तपासणी करून घेतली. अहवालात इमारत ‘सी-१’ वर्गात टाकली होती. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडण्याजोगी. त्याखालचे सी-२अ आणि सी-२ब म्हणजे दुरुस्ती करून वाचवता येण्याजोग्या, एक रिकामी करून, दुसरी न करता. सी-३ म्हणजे किरकोळ डागडुजी. या एका अक्षर-आकड्यावर सगळं ठरतं.

पाठोपाठ कुजबुज सुरू झाली, की जागेवर व्यापारी संकुल येणार: खाली गाळे, मध्ये पार्किंग, तिसऱ्या मजल्यावर ‘बहुउद्देशीय सभागृह’. नकाशा कुणी पाहिला नव्हता, पण गाळ्यांचे दर मात्र गावाला पाठ होते.

वाचनालयाचे सभासद, दोन-तीन निवृत्त शिक्षक, एक वकील आणि गाळेधारकांचे प्रतिनिधी यांनी मिळून कृती समिती केली आणि जाहीर सभा बोलावली. मुख्याधिकारी यायला तयार झाले. एवढ्यावर समितीला निम्मी लढाई जिंकल्यासारखं वाटलं.

ती पहिली सभा हॉलच्याच आवारात मांडव घालून झाली. व्यासपीठावर माजी नगराध्यक्ष, माजी उपनगराध्यक्ष, दोन पक्षांचे शहराध्यक्ष, व्यापारी संघटनेचे पदाधिकारी. एकेकाला शाल, श्रीफळ, गुच्छ. मग प्रास्ताविक. मग मनोगतं. ज्यांना उत्तरं द्यायची होती ते मुख्याधिकारी आणि नगरअभियंता कडेच्या खुर्च्यांवर. लोकांच्या हाती माइक आला तेव्हा दिवेलागण झाली होती.

पुढे जे होतं तेच झालं. माइक पुढच्या रांगेतून हललाच नाही. पहिल्या गृहस्थांनी प्रश्न विचारण्याआधी हॉलचा सगळा इतिहास सांगितला. दुसऱ्याने घरपट्टीचा विषय काढला, तिसऱ्याने गटारीचा. गाळेधारक मागून ओरडायला लागले, “आमचं काय ते आधी सांगा!” प्रत्येक प्रश्नाला उत्तर एकच: “नियमानुसार योग्य ती कार्यवाही करण्यात येईल.” शेवटी मुख्याधिकाऱ्यांचा फोन वाजला, वरिष्ठांची व्हीसी (व्हिडिओ कॉन्फरन्स) आहे म्हणून ते उठले आणि सभा संपली.

दुसऱ्या दिवशी एका स्थानिक पत्रात ‘टाऊन हॉल पाडणार नाही’, दुसऱ्यात ‘टाऊन हॉल जमीनदोस्त होणार’. दोन्ही बातमीदार सभेला होते. खोटं कुणीच लिहिलं नव्हतं, कारण उत्तर असं काही दिलंच गेलं नव्हतं.

समोर आलेले पर्याय

समितीची बैठक शाळेतल्या त्या पुस्तकांच्या पोत्यांवर बसूनच झाली. वकिलांचं म्हणणं, उच्च न्यायालयात जनहित याचिका करावी. पण पाडण्याचा आदेशच निघालेला नव्हता. ठराव नाही, नोटीस नाही. आव्हान द्यायचं कशाला? शिवाय न्यायालयाने पहिला प्रश्न विचारला असता, की तुमच्याकडे दुसरा तांत्रिक अहवाल आहे का. तो नव्हता.

तरुण मंडळींना उपोषण हवं होतं. ते गाळेधारकांनीच मोडून काढलं. त्यांचे भाडेकरार पालिकेशी होते आणि मुदती संपत आलेल्या. पालिकेला शासनाच्या मंजुरीशिवाय स्थावर मालमत्ता विकता येत नाही, पण तीन वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा ती स्वतः देऊ शकते. म्हणजे गाळेवाल्याचं नशीब ज्यांच्या हातात, त्यांच्याच दारात तो उपोषणाला बसणार कसा?

माहितीच्या अधिकाराला कुणाचाच विरोध नव्हता. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांची मुदत. पण एका शिक्षकांनी जे सांगितलं त्याने बैठकीचा रोख बदलला. ते म्हणाले, कागद आपल्याला मिळेल, पण तो आपल्या हातात राहील. गावाला कळायचं तर साहेबांनी गावासमोर बोलायला हवं आणि बोललेलं कुणीतरी उतरवून घ्यायला हवं.

तेव्हा ठरलं असं: अहवालाची प्रत माहिती अधिकारात मागायची आणि ती हाती आल्यावर दुसरी सभा घ्यायची, पण पद्धत ठरवून. मुख्याधिकाऱ्यांना दिलेल्या पत्रात माहिती अधिकार अधिनियमाच्या कलम ४ चा आधार घेतला. लोकांवर परिणाम करणारे महत्त्वाचे निर्णय घेताना त्यासंबंधीची तथ्यं प्राधिकरणाने आपणहून जाहीर करावीत, असं ते कलम सांगतं. पत्राची भाषा नरम होती, पण अर्थ स्पष्ट होता: एकदाच सगळ्यांसमोर बोला, नाहीतर शंभर अर्ज येतील. मुख्याधिकारी हुशार माणूस. होकार आला.

काय केलं

पद्धतीचा नमुना समितीतल्या एकाला ठाऊक होता. तालुक्यातल्या एका कारखान्याच्या पर्यावरणीय जनसुनावणीला तो जाऊन आला होता. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे होणाऱ्या त्या सुनावणीत चित्रीकरण होतं, लोकांचे मुद्दे नोंदवले जातात आणि शेवटी कामकाजाचा सारांश स्थानिक भाषेत उपस्थितांना वाचून दाखवला जातो. टाऊन हॉलला ती अधिसूचना लागू नव्हतीच. पण रीत उचलायला कोण अडवतं?

पहिला वाद चिठ्ठ्यांवरून झाला. प्रश्न आधी लिहून घ्यायचे हे सगळ्यांना मान्य होतं. पेठेतल्या चार दुकानांत आणि दूध डेअरीवर पेट्या ठेवायच्या होत्या. नाव लिहिणं सक्तीचं करायचं का, यावर मात्र दोन तट पडले. निनावी चिठ्ठ्यांतून शिवीगाळ येईल, असं शिक्षकांना वाटत होतं. गाळेधारकांचं उत्तर बिनतोड होतं: “सर, तुम्हाला पेन्शन आहे. आम्हाला करार रिन्यू करायचाय.” नाव ऐच्छिक ठेवलं, प्रत्येक चिठ्ठीला क्रमांक दिला.

शिवीगाळ आली, ती बाजूला काढली. बाकीच्यांचे गठ्ठे केले: इमारतीची सुरक्षितता, पैसा, गाळे, वाचनालय, हॉलचं भाडं आणि वापर. एकाच अर्थाचे दहा प्रश्न आले तर त्यांचा एक केला आणि खाली सगळ्या चिठ्ठ्यांचे क्रमांक लिहिले. ‘माझा प्रश्न गाळला’ ही तक्रार त्यामुळे एकदाही आली नाही.

दुसरा निर्णय व्यासपीठाचा. वर फक्त तीन खुर्च्या: मुख्याधिकारी, नगरअभियंता आणि अहवाल देणारा सल्लागार. ज्याला उत्तर देता येतं तोच वर बसेल. शाल-श्रीफळ नाही. माजी नगराध्यक्षांना, म्हणजे अण्णांना, निरोप द्यायला गेलेल्यांना त्यांनी चहा पाजला आणि एवढंच म्हणाले, “म्हणजे आम्ही पब्लिकमध्ये बसायचं.” ते सभेला आले नाहीत. त्यांच्या गटाचं कुणीही आलं नाही.

सभा शाळेच्या सभागृहात होती. पत्र्याचं छप्पर, आवाज घुमणारा. टाऊन हॉलमध्ये लाकडी मंचावरून साध्या आवाजात बोललेलं शेवटच्या बाकापर्यंत जायचं. इथे माइक असूनही अर्धं वाक्य हवेत विरायचं. म्हणून मधल्या वाटेत स्टँडवर एकच माइक ठेवला, फिरता दिलाच नाही, आणि मंचाच्या बाजूला शाळेचा फळा उभा केला. फळ्यावर चार रकाने: चिठ्ठी क्रमांक, प्रश्न, उत्तर, कधीपर्यंत.

उत्तराचेही तीनच प्रकार मान्य होते. आत्ता इथे उत्तर. किंवा कागद बघून उत्तर, पण तारीख देऊन. किंवा ‘आमच्या अखत्यारीत नाही’, मात्र मग कुणाच्या अखत्यारीत ते सांगायचं. सूत्रसंचालन करणाऱ्या वकीलबाईंनी हे सुरुवातीलाच वाचून दाखवलं. मुख्याधिकारी हसले, पण हरकत घेतली नाही.

पहिल्याच गठ्ठ्यात एक निनावी चिठ्ठी होती. निळ्या शाईत, ओव्हरसियरच्या (बांधकामावर देखरेख करणाऱ्याच्या) वळणाच्या अक्षरात: “अहवालाच्या जोडपत्रात रिबाउंड हॅमरची चाचणी दाखवली आहे. ती कोणत्या भिंतीवर घेतली?”

ज्यांना बांधकामातलं कळत नाही त्यांना हा प्रश्न किरकोळ वाटला. पण रिबाउंड हॅमर हे काँक्रीटचा पृष्ठभाग किती कठीण आहे ते पाहायचं साधन. चुन्यातल्या दगडी भिंतीबद्दल ते काही सांगू शकत नाही. सल्लागाराने कागद चाळले, नगरअभियंत्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “रीडिंग्ज गाळ्यांच्या कॉलमवर आणि स्लॅबवर घेतलेत.” “मग मूळ हॉलच्या भिंतींवर कुठली तपासणी केली?” वकीलबाईंनी विचारलं. “व्हिज्युअल.” म्हणजे डोळ्यांनी पाहून.

सभागृहात एकदम गलका झाला. नुसतं बघून गेलेल्या इमारतीला सी-१ चा शिक्का, आणि तोही शेजारच्या स्लॅबचे आकडे जोडून. नगरअभियंता म्हणाले, “त्याबाबत तपासून कळवतो.” फळ्याशी उभा असलेला विद्यार्थी खडू हातात धरून थांबला. चौथा रकाना रिकामा होता. “सर, कधीपर्यंत?” त्याने विचारलं. अभियंते गप्प. शेवटी मुख्याधिकारीच म्हणाले, “शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाकडून फेरतपासणी करून घेऊ. पंधरा दिवसांत पत्र जाईल. लिहा.”

पैशांचा गठ्ठा लवकर आटोपला. संकुलाचा प्रस्ताव कागदावर नाही, सल्लागाराने तोंडी सुचवलेला आहे, हे तिथे कळलं. वाचनालयाच्या प्रश्नावर तारीख मिळाली. गाळ्यांचा गठ्ठा सगळ्यांत लांबला आणि त्यातून काही निघालं नाही.

शेवटी फळ्यावरचं सगळं वाचून दाखवलं आणि मी उतरवून घेतलेल्या नोंदींवर सही मागितली. मुख्याधिकारी थांबले. “ही वैधानिक सभा नाही. सही कशाला?” मागे हटलं तर फळा पुसला की सगळं संपलं, ताणलं तर साहेब उठून जाणार. वकीलबाईंनी वहीत एक ओळ वाढवली: ‘वरील नोंदी उपस्थितांसमोर वाचून दाखवण्यात आल्या.’ त्याखाली सही झाली. माझ्या मते संपूर्ण प्रकरणातला सगळ्यांत शहाणा निर्णय हाच.

निष्पत्ती

पत्र पंधरा दिवसांत गेलं. फेरतपासणीला मात्र पावसाळा उलटून गेला. तिचा निष्कर्ष असा निघाला की दगडी भिंती धड आहेत. कैच्यांची जी टोकं भिंतीत बसवली आहेत त्यांतली काही कुजली आहेत, कारण वरची पन्हळ वर्षानुवर्षं गळत होती आणि पाणी थेट लाकडात मुरत होतं. मध्ये कधीतरी भिंतींना आतून सिमेंटचा गिलावा केला होता, तो काढून चुन्याचा करावा, कारण सिमेंटखाली ओल कोंडून राहते. दुरुस्ती करून इमारत वापरात आणता येईल. गाळ्यांचा आरसीसी भाग मात्र धोकादायक, सळया गंजून फुगलेल्या, तो उतरवावा.

म्हणजे हॉल वाचला आणि हॉल वाचवायला पुढे झालेले गाळेधारकच उघड्यावर आले. त्यांना कलम १९५ ची धोकादायक बांधकामाची नोटीस लागली, तेव्हा समितीतून ते बाहेर पडले. एकजण मला पेठेत भेटला तेव्हा म्हणाला, “ती हातोड्याची चिठ्ठी नसती ना, तर संकुलात गाळा तरी मिळाला असता.” त्याचं म्हणणं चूक आहे असं मला म्हणवत नाही. सगळी इमारत पडली असती तर पुनर्वसन हा सगळ्यांचा प्रश्न झाला असता. आता तो त्यांचा एकट्यांचा आहे.

पहिल्या टप्प्यात कैच्यांची टोकं कापून नवं सागवान जोडण्याचं आणि पन्हळीचं काम झालं. फळ्यावर तारखा पडलेल्यांपैकी बहुतेक उत्तरं आली, उशिरा का होईना. वाचनालयाची पुस्तकं अजून पोत्यांतच आहेत.

वेगळं काय करता आलं असतं

गाळेधारकांशी सभेआधी स्वतंत्र बसायला हवं होतं. अहवालाची प्रत समितीच्या हातात होती. चाचणी गाळ्यांवर झाली असेल तर धोकाही गाळ्यांनाच असू शकतो, हे ओव्हरसियरच्या नजरेला दिसलं ते समितीतल्या कुणी घरगुती बैठकीत बोलून दाखवलं असतं, तर पुनर्वसनाची मागणी त्याच फळ्यावर, त्याच दिवशी चढली असती. हॉलसाठी सगळे एकत्र आहेत, एवढ्यावर समिती विसंबली.

वेळ संध्याकाळी पाचची ठेवली होती आणि दिवस आठवडी बाजाराचा. चिठ्ठ्यांमध्ये बायकांच्या चिठ्ठ्या बऱ्याच होत्या. हॉलच्या स्वच्छतागृहाबद्दलचे आणि बचत गटांच्या प्रदर्शनाच्या भाड्याबद्दलचे सगळे प्रश्न त्यांचे. सभागृहात बायका तुरळक. चिठ्ठ्यांमुळे प्रश्न पोचले, पण ‘बघू’ या उत्तराला उलट विचारायला त्या तिथे नव्हत्या.

माजी पदाधिकाऱ्यांना वर न बसवणं बरोबरच होतं, पण त्यांना एखादं काम देता आलं असतं. अण्णांनी पूर्वी हॉलची कौलं बदलून घेतली होती. त्या कामाची माहिती त्यांच्याइतकी कुणालाच नव्हती. पहिल्या रांगेत बसवून ‘इमारतीचा जाणकार’ म्हणून प्रश्न विचारले असते तर मानही राहिला असता. त्यांचा गट दूर राहिल्याची किंमत पुढे निवडणुकीनंतर मोजावी लागली.

कारण सर्वांत मोठी त्रुटी तिथे होती. प्रशासकाने जाहीर सभेत दिलेला शब्द म्हणजे ठराव नव्हे. प्रशासकाला नगरसेवकांच्या सभागृहाचे अधिकार असतात, तेव्हा दुरुस्तीचा निर्णय त्याच महिन्यात प्रशासकीय ठराव म्हणून घ्या, असा आग्रह धरता आला असता. फळ्यावर तारखा होत्या, पण ‘ठराव कधी’ हा प्रश्न कुणाच्याच चिठ्ठीत नव्हता. डिसेंबर २०२५ च्या निवडणुकीनंतर नवं सभागृह आलं, त्यात अण्णांच्या गटाचं वजन होतं, आणि पहिल्याच चर्चेत विचारणा झाली, की दुरुस्तीचा दुसरा टप्पा कुणाच्या ठरावाने मंजूर झाला. वकीलबाईंनी सही असलेल्या नोंदींची प्रत दिली. ती रेकॉर्डला लावून घेतली गेली, पण विषय नव्याने विषयपत्रिकेवर आणावा लागला.

आता दुसऱ्या टप्प्याचं अंदाजपत्रक तांत्रिक मंजुरीसाठी गेलं आहे आणि गाळ्यांचा दावा दिवाणी न्यायालयात चालू आहे.